कडेवरचे नाव आणि हातोड्याची किंमत: नूनन्सच्या पदक-लिलाव दफ्तराचे परीक्षण

लंडनच्या मेफेअर भागातील नूनन्स ही लिलावसंस्था लष्करी पदकांच्या खरेदीविक्रीत जगातल्या प्रमुख संस्थांपैकी एक गणली जाते. २०२२ पर्यंत ती डिक्स नूनन वेब या नावाने काम करीत असे, आणि जुने संग्राहक आजही तिला डीएनडब्ल्यू याच नावाने ओळखतात. या संस्थेच्या संकेतस्थळावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून झालेल्या लिलावांचे दफ्तर उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक पदकाचे वर्णन, लिलावापूर्वी बांधलेला अंदाज आणि शेवटी हातोडा पडला ती रक्कम, असा तिन्ही प्रकारचा तपशील विनामूल्य पाहता येतो. या दफ्तराचे परीक्षण मी एकाच प्रश्नापुरते करणार आहे. सातारा, रत्नागिरी किंवा बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या घरी ट्रंकेच्या तळाशी पणजोबांची पदके पडून असतील, तर त्यांचे मोल समजून घेण्यासाठी हे दफ्तर मराठी माणसाच्या किती उपयोगाचे आहे? माझ्या मते ते फार उपयोगाचे आहे. मात्र त्याच्याकडे जाण्यापूर्वी हातातल्या पदकाची कड वाचता यायला हवी आणि तिथला पौंडाचा आकडा आपल्या खिशात जसाच्या तसा येत नाही, हे ठाऊक असायला हवे.

आपल्याकडे अशा पदकांचे मूल्यमापन सहसा कसे होते, ते आधी सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर दिलेले ब्रिटिश वॉर मेडल हे साडेब्याण्णव टक्के शुद्धतेच्या चांदीचे असून त्याचे वजन साधारण एक औंस, म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या हिशोबाने तीन तोळ्यांच्या आसपास भरते. त्यामुळे ते पदक सराफाच्या काट्यावर गेले की त्या दिवसाचा चांदीचा भाव हीच त्याची किंमत ठरते, आणि त्याच्या जोडीचे व्हिक्टरी मेडल ब्राँझचे असल्यामुळे ते ‘पितळ’ म्हणून बाजूला टाकले जाते. हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. १९८० च्या जानेवारीत चांदीचे भाव गगनाला भिडले, तेव्हा इंग्लंडमध्येही ही पदके हजारोंच्या संख्येने वितळवली गेली. मूस थंड झाल्यावर चांदी उरते, पण तिच्यावरचे नाव कायमचे जाते, आणि पदकाचे सारे मोल त्या नावात असते.

हे विधान मी अक्षरशः करतो आहे. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या पदकाच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या जाड कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटवलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर, म्हणजे त्याच युद्धाच्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर, हाच मजकूर मागच्या सपाट बाजूस असतो. इराकमधील बसरा येथे या युद्धातील चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मारक आहे. त्याच्या पाट्यांवर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, परंतु साध्या शिपायांचा उल्लेख पलटणीखाली केवळ संख्येने करण्यात आला. इराकमधीलच कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सैन्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत त्यांनी उपासमार सोसली आणि त्यानंतर कैदेतल्या पायपिटीत त्यांच्यातले कितीतरी जण गेले. त्यांच्यापैकी एखाद्या शिपायाचे नाव सरकारने धातूत कोरले असेल, तर ते बहुधा त्याच्या घरी पोहोचलेल्या पदकाच्या कडेवरच. ती कड वाचल्याशिवाय पदकाला किंमत सांगणारा माणूस जाणकार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नूनन्सच्या दफ्तराचा मोठा गुण हा की त्यातल्या वर्णनाचा आरंभच या कडेपासून होतो. पदकाचे नाव दिले की लगेच कंसात कडेवरचा मजकूर अक्षरशः, त्यातील चुकांसह आणि संक्षेपांसह उतरवलेला असतो. त्यानंतर पदकाची स्थिती, आणि काही हाती लागले असेल तर त्या सैनिकाविषयीची टीप. या टिपा कधी एका ओळीच्या असतात, तर शौर्यपदक असेल तेव्हा शिफारसपत्राचा मजकूर, युद्धदैनंदिनीतील नोंदी आणि पलटणीच्या हालचाली यांसह दोन-दोन पाने भरतात. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल हे १९०७ साली सुरू झालेले पदक आणि त्याहून जुने, १८३७ पासूनचे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट यांच्या नोंदी वाचल्या की एखाद्या नाईकाने किंवा हवालदाराने नेमक्या कोणत्या टेकडीवर काय केले, हे समजते. मराठीत या सैनिकांविषयी इतक्या बारकाईने लिहिलेले फारच थोडे असल्यामुळे किमतीचा विचार बाजूला ठेवूनही या टिपा वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे.

शोध घेण्याची पद्धत मात्र थोडी सरावाने जमते. आजच्या इंग्रजी स्पेलिंगने ‘मराठा’ असे टाइप केल्यास जुन्या नोंदी सापडत नाहीत, कारण त्या काळी लष्करात एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असे लिहीत. पवार हे पोवार होतात, गणपतचे गुनपुत होते आणि आडनावाच्या जागी पुष्कळदा वडिलांचे नाव दिसते. म्हणून नावापेक्षा पलटणीच्या क्रमांकाने शोधणे अधिक फलदायी ठरते. १९२२ पूर्वीचे पदक असेल तर १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. १९२२ च्या पुनर्रचनेत यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि बेळगाव हे तिचे केंद्र बनले. घरातील माणूस खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीत, असेल तर ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ असा शोध घ्यावा. या सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेलच्या लढाईत होत्या. त्यामुळे त्यांच्यातील कोणाचा १९१४ चा तारा निघाला, तर तो वर्षभराने मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या शिपायाच्या १९१४-१५ च्या ताऱ्यापेक्षा बराच अधिक महत्त्वाचा ठरतो. हे दोन तारे दिसायला जवळजवळ सारखे असतात, आणि मधल्या पट्टीवरचे साल नीट न वाचल्यामुळे पुष्कळांची येथेच फसगत होते.

कराड तालुक्यातील एका कुटुंबाने मला दाखवलेल्या संचाचे उदाहरण येथे देतो. तारा, चांदीचे पदक आणि व्हिक्टरी मेडल अशी तिन्ही पदके एकत्र होती आणि तिन्हींवर क्रमांक, नाव व ११० मराठा लाइट इन्फन्ट्री हा मजकूर जुळत होता. ही मोठी जमेची बाजू होय, कारण एकाच माणसाची पदके एकत्र राहणे ही भारतीय संचांच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट आहे. मात्र चांदीच्या पदकाची मूळ आडवी दांडी केव्हातरी काढून तिथे सोनाराकडून एक गोल कडी डाकून घेतली होती आणि ते काळ्या दोऱ्यात ओवून एखाद्या मुलाच्या गळ्यात बांधले गेले असावे. डाकाचा ओघळ कडेवर उतरला होता आणि त्याखाली नावाची पहिली दोन अक्षरे झाकली गेली होती. ताऱ्याच्या पाठीवरचे नाव शाबूत असल्यामुळेच ती ओळखता आली. चांदीच्या पदकाच्या मागच्या बाजूचा घोडेस्वार चिंचेने व राखेने घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की त्याचा चेहरा राहिलाच नव्हता. नूनन्सच्या दफ्तरात अशा प्रत्येक दोषासाठी ठरलेली शब्दयोजना आहे. दांडी बदललेली, कडेवर ठोके, पदके एकमेकांवर आपटून पडलेले व्रण, घासून पॉलिश केलेले, असे सारे काही नोंदवलेले असते, आणि अखेरीस ‘व्हेरी फाइन’ किंवा ‘निअरली व्हेरी फाइन’ असा स्थितीचा दर्जा दिलेला असतो. या दर्जाच्या नावांवर भाबडेपणाने जाऊ नये. ‘निअरली व्हेरी फाइन’ हे ऐकायला उत्तम वाटले, तरी व्यवहारात त्याचा अर्थ बऱ्यापैकी झिजलेले पदक असाच असतो. तशाच दांडी बदललेल्या, घासलेल्या पदकांच्या दहा-बारा नोंदी काढून त्यांच्या किमती वाचल्या, की आपल्या हातातल्या पदकाविषयी वास्तव अंदाज येऊ लागतो, आणि हे शिक्षण दुसरीकडे कोठेही इतक्या सहज मिळत नाही.

त्याच दफ्तरातून आणखी एक धोका शिकता येतो, तो म्हणजे नाव बदललेल्या पदकांचा. मूळ नाव कानशीने घासून काढायचे आणि त्या जागी एखाद्या नामांकित पलटणीतील नाव कोरायचे, हा उद्योग फार जुना आहे. ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. कड घासली की तो थोडासा कमी भरतो, आणि व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजून पाहिले तर ही चोरी पकडता येते. नूनन्सच्या नोंदींमध्ये ‘रीनेम्ड’ असा शेरा प्रामाणिकपणे दिलेला आढळतो आणि त्या शेऱ्याने किंमत किती कोसळते, तेही समोरच दिसते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पदके घेणाऱ्या तरुण संग्राहकांनी खिशात भिंग आणि कॅलिपर ठेवावा. विक्रेत्याच्या गोष्टीपेक्षा कडेवर विश्वास ठेवावा.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या दफ्तराचा सर्वांत समृद्ध भाग मला आर्मी ऑफ इंडिया मेडलच्या नोंदींचा वाटतो. १८०३ ते १८२६ या काळातील मोहिमांसाठीचे हे चांदीचे पदक १८५१ मध्ये मंजूर झाले, म्हणजे ज्यांनी त्या लढाया लढल्या त्यांच्यापैकी जे तोपर्यंत जिवंत होते, त्यांनाच ते मागता आले. त्याच्या फितीवरच्या पट्ट्यांवर असई, अरगाव, गाविलगड, असीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर आणि कोरेगाव ही नावे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा बराचसा नकाशाच चांदीच्या या पट्ट्यांवर कोरला गेला आहे. ज्या सैन्याविरुद्ध आपले पूर्वज लढले किंवा ज्याच्या बाजूने लढले, त्या दोन्ही बाजूंचा इतिहास येथे लिलावाच्या भाषेत वाचावा लागतो, आणि तो वाचताना मन स्थिर ठेवणे सोपे नसते. अडीच ते पाच दशकांनंतर हयात असलेल्या, आणि अर्ज करण्याची सोय असलेल्या देशी शिपायांची संख्या अल्प असल्यामुळे त्यांच्या नावाची पदके फार क्वचित दिसतात; बहुतेक नोंदी युरोपीय अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या आहेत. किमतीही शिपायाच्या महायुद्धकालीन पदकाच्या तुलनेत वेगळ्याच पातळीवरच्या आहेत.

दुर्मीळतेचे दुसरे उदाहरण १११ व्या महार पलटणीचे आहे. ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत विसर्जित झाली. पुढे महार रेजिमेंट स्थापन व्हायला १९४१ साल उजाडले. इतक्या अल्पायुषी पलटणीचे नाव कडेवर असलेले साधे पदकही संग्राहकाच्या आणि इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे असते. एखाद्या घरी ते असेल, तर बाजारभावाचा विचार करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र आणि कडेवरचा मजकूर नोंदवून ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तीच गोष्ट ब्राँझमधील ब्रिटिश वॉर मेडलची. ते हमाल, खेचरवाले आणि मजूर तुकड्यांतील माणसांना दिले गेले. चांदीचे नाही म्हणून ते नकली समजून फेकून दिले जाते, वस्तुतः ते चांदीच्या पदकापेक्षा कितीतरी कमी संख्येने निघाले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांबाबत एक आनंदाची बाब आहे. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेल्या बहुतेक मोहीम-पदकांवर नाव घातलेच नाही. भारताने मात्र, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेप्रमाणे, आपल्या सैनिकांची पदके नावासह दिली. त्यामुळे पूर्व आफ्रिकेतील केरेनला किंवा इटलीत लढलेल्या मराठा जवानाचा आफ्रिका स्टार अथवा इटली स्टार हा त्याचाच आहे, हे सिद्ध करता येते, आणि इंग्रज सैनिकाच्या बिननावी ताऱ्याला ही सोय नाही. असे असूनही या पदकांच्या लंडनमधील किमती अजून माफकच आहेत.

किमतीविषयी आता स्पष्ट बोलायला हवे. दफ्तरात दिसणारी रक्कम ही हातोड्याची किंमत असते. खरेदीदाराला त्यावर संस्थेचे अधिमूल्य भरावे लागते आणि विकणाऱ्याच्या हाती येणाऱ्या रकमेतून दलाली वजा होते, म्हणून कोणी किती दिले आणि कोणाला किती मिळाले, हे दोन्ही आकडे त्या एका आकड्यापासून वेगळे असतात. शिवाय मराठा पलटणीतील शिपायाचे महायुद्धकालीन एकटे पदक बहुधा शंभर पौंडांच्या आतच जाते. शौर्यपदक असेल तरच रक्कम शेकड्यांत किंवा हजारांत पोहोचते. ज्यांना घरातल्या पदकांतून मोठे धन निघेल अशी आशा आहे, त्यांना हे दफ्तर पहिल्या तासाभरातच जमिनीवर आणते, आणि ते मला योग्यच वाटते.

याहून मोठी मर्यादा कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदके आता ही शंभरी ओलांडून गेली आहेत. म्हणजे लंडनमध्ये दिसणारी किंमत कराडच्या त्या कुटुंबाला सरळ मार्गाने मिळवता येण्याजोगी नाही. पदक टपालात घालून पाठवणे हा गुन्हा ठरेल. तेव्हा या दफ्तराचा उपयोग विक्रीसाठी न करता विमा, वाटणी, देणगी आणि अभ्यास यांसाठी करावा. स्थानिक व्यापाऱ्याने चांदीच्या वजनावर भाव सांगितला, तर त्याच्यासमोर तशाच पदकाच्या दोन-तीन नोंदी छापून ठेवता येतात, आणि बोलणे तिथून पुढे सुरू होते. जुन्या तलवारी, संगिनी व बंदुका यांना शस्त्रकायद्याचे आणखी वेगळे नियम लागू होतात. त्यांचा विचार पदकांबरोबर करू नये.

नावाचे मोल किती असते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या दुसऱ्या एका संस्थेच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. त्या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत रघुजींचे नाव सोन्याने लिहिलेले आहे. तसेच पाते, तशीच मूठ, पण नाव नसते तर शासनाने इतका खटाटोप केला असता असे मला वाटत नाही. शिपायाच्या पदकावरचे ठशाचे नाव त्या सोन्याच्या अक्षरांहून साधे आहे. त्याचा न्याय मात्र तोच आहे.

दोष सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांतील पुष्कळ नोंदींना छायाचित्रेच नाहीत, त्यामुळे कडेवरच्या ठशांची तुलना करायची असेल तेव्हा निराशा होते. भारतीय सैनिकांची स्वस्त पदके बऱ्याचदा तीन-चार किंवा त्याहून अधिक संख्येने एकाच गठ्ठ्यात विकली जातात. त्या गठ्ठ्यातील नावे दिलेली असतात, परंतु किंमत एकत्र असल्यामुळे कोणत्या पदकाला किती मोल आले, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. एखादे दुर्मीळ मराठा पदक पाच सामान्य पदकांबरोबर गेले असेल तर त्याचा भाव त्या ढिगात हरवतो. टिपांमध्ये गावाचा आणि तालुक्याचा उल्लेख फार क्वचित असतो. इंग्रज सैनिकाचे जन्मगाव, चर्च आणि शाळा यांपर्यंत शोध घेणारी हीच संस्था मराठा शिपायाच्या बाबतीत पलटणीच्या सर्वसाधारण इतिहासावर थांबते. याचे एक कारण आपल्या बाजूलाही आहे, कारण गावोगावच्या घरांतील कागद, निवृत्तिवेतनाची पुस्तके आणि पदकांसोबतची पत्रे कोणी एकत्र नोंदवलेली नाहीत. सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे यांसारख्या गावांत हे काम घराघरांतून करता येण्याजोगे आहे.

हे दफ्तर वापरू इच्छिणाऱ्यांनी प्रथम पदकाला ब्रासो, चिंच किंवा टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. दिवसाच्या तिरप्या उजेडात पुढची बाजू, मागची बाजू आणि कड यांची छायाचित्रे घ्यावीत. कड एका चित्रात मावत नाही, म्हणून पदक थोडे थोडे फिरवून चार-पाच चित्रे काढावीत. मजकूर जसा दिसतो तसाच, दुरुस्त न करता, कागदावर उतरवावा. मग पलटणीच्या क्रमांकाने शोध घेऊन गेल्या पाच-सहा वर्षांतील नोंदींनाच अधिक महत्त्व द्यावे, कारण १९९५ ची किंमत आजच्या व्यवहाराला लागू पडत नाही. संच तोडू नये. चार भावांत चार पदके वाटून घेण्याची रीत आपल्याकडे आहे, तिने संचाचे मोल आणि पुरावा दोन्ही कमी होतात. त्याऐवजी मूळ संच एका घरी ठेवून इतरांनी छायाचित्रे आणि नोंदींच्या प्रती घ्याव्यात, आणि घरात सांभाळणारे कोणी नसेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राशी लेखी संपर्क साधून, पोच घेऊन, संच तिथे सुपूर्द करण्याचा विचार करावा.